ड्रॉपशिपिंग

ड्रॉपशिपिंग : स्वतःच्या वखारीत मालाचा साठा न करता ग्राहकाची मागणी आधी आपल्याकडे नोंदवून घ्यावयाची, तीच मागणी मग उत्पादकाकडे किंवा घाऊक व्यापाऱ्याकडे रुजू करावयाची आणि माल त्याच्या गुदामातून परभारे ग्राहकाच्या पत्त्यावर रवाना करवावयाचा, अशी किरकोळ विक्रीची पद्धती. ग्राहकाने दिलेली किंमत व पुरवठादारास दिलेली किंमत यांतील अंतर हाच विक्रेत्याचा ढोबळ नफा. माल बहुधा त्याच्या दृष्टीसही पडत नाही. तथापि ग्राहकाच्या व कायद्याच्या लेखी विक्रेता तोच असतो, आणि या व्यवसायाचे सारे आकर्षण व सारी संकटे या एकाच विसंगतीतून उद्भवतात.

ही कल्पना आंतरजालाबरोबर जन्मली असे मानण्याचे कारण नाही. कोळसा, इमारती लाकूड यांसारख्या अवजड जिनसांचे काही अमेरिकन घाऊक व्यापारी माल स्वतः उतरवून न घेता खाणीतून वा कारखान्यातून थेट गिऱ्हाइकाकडे धाडीत. आपल्याकडील अडत्या हाही याचा दूरचा आप्त. मात्र अडत्या मालधन्याच्या वतीने विकून अडत घेतो, तर येथे विक्रेता स्वतःच्या नावे विकतो व तोट्याचा धनीही स्वतःच ठरतो. कॅनडातील ओटावा येथे २००६ साली स्थापन झालेल्या शॉपिफायसारख्या कंपन्यांमुळे ऑनलाइन दुकान थाटणे सुलभ झाले आणि २०१० साली निघालेल्या अलीएक्स्प्रेसने चिनी पुरवठादार जगभरच्या किरकोळ विक्रेत्यांच्या हाताशी आणून दिले. भारतात मात्र हा मार्ग फार काळ मोकळा राहिला नाही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंस असलेल्या जकातमाफीचा आडोसा घेऊन येणाऱ्या पार्सलांना डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पायबंद घातला आणि पुढील वर्षी नोव्हेंबरात अलीएक्स्प्रेसवरच बंदी आली. देशी पुरवठ्यावर उभी राहिलेली पद्धती अधिक टिकाऊ ठरली : २०१५ साली बंगळूरु येथे सुरू झालेल्या मीशोने घरोघरच्या स्त्रियांना साड्यांची व कुर्त्यांची चित्रे व्हॉट्सॲपवरून परिचितांस दाखवून, मूळ किमतीवर आपला नफा चढवून विकण्याची सोय करून दिली.

प्रारंभास भांडवल अल्प लागते हे खरे. परंतु अल्प भांडवल म्हणजे अल्प श्रम नव्हेत. सुरतेचे कापड, तिरुप्पूरचे होजिअरी कपडे असा एखादाच मर्यादित विषय निवडून, पुरवठादाराकडून नमुना स्वखर्चाने मागवून, त्याचे वजन, शिलाई व पोहोचण्यास लागणारा अवधी पारखल्याखेरीज जाहिरात करू नये. शिल्लक मालाची खबर रोज कोणी द्यावयाची, सदोष माल परत कोणी घ्यावयाचा व त्याचे भाडे कोणाच्या माथी, या बाबी लेखी ठरवून घ्याव्यात. (हा धंदा शिकविण्याचे वर्ग चालविणाऱ्यांची मिळकत धंदा करणाऱ्यांच्या मिळकतीहून अधिक निश्चित असावी, अशी शंका घेण्यास जागा आहे.)

खरी कसोटी लागते ती जमाखर्चात. चारशे रुपयांची साडी साडेसातशेला विकली म्हणजे दहा साड्यांमागे साडेतीन हजार सुटले, असा भास होतो. समजा, दहांपैकी तीन पार्सले परत आली, कुरिअरचा दर प्रत्येक खेपेस सत्तर रुपये पडला व जाहिरातीस मागणीगणिक शंभर लागले; तर सात साड्यांच्या ५,२५० रुपयांतून माल २,८००, जाता-येता भाडे ९१० व जाहिरात १,००० वजा जाऊन हाती ५४० उरतात, आणि तेही परत आलेला माल पुरवठादाराने बिनतक्रार स्वीकारला तरच. माल हाती आल्यावर पैसे देण्याची मुभा आपल्या ग्राहकास प्रिय आहे, तिचीच ही किंमत होय. टपालखात्याने १८७७ साली सुरू केलेल्या व्ही. पी. (पार्सल सोडविताना किंमत भरण्याच्या) पद्धतीने पुस्तके व औषधे विकणाऱ्यांनाही न सोडवलेल्या पार्सलांचा जाच ठाऊक होता. मागणी नोंदताच दूरध्वनीवरून खातरजमा करणे, आगाऊ रक्कम भरणाऱ्यास थोडी सूट देणे, हे त्यावरचे प्रचलित उपाय होत.

कायद्याची बाजू उपेक्षणीय नाही. पुरवठादाराने विक्रेत्यास व विक्रेत्याने ग्राहकास अशी दोन स्वतंत्र बिले या व्यवहारात करावी लागतात. वस्तूंच्या विक्रीस सामान्यतः चाळीस लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नसली, तरी करपात्र माल परराज्यात विकणाऱ्यास ही मर्यादा लागू नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांन्वये तक्रारीची पोच ४८ तासांत देणे, एका महिन्यात तिचे निवारण करणे, आणि सदोष वा जाहिरातीबरहुकूम नसलेला माल परत घेण्यास नकार न देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. चूक गुदामवाल्याची होती, ही सबब ग्राहकापुढे चालत नाही.

व्यवसायाची वाढ जाहिरातीचा खर्च फुगवून होते, असा नवागतांचा समज असतो. वस्तुतः जुना ग्राहक परत यावा, एका पुरवठादाराने दगा दिल्यास दुसरा सिद्ध असावा, आणि ज्या जिनसांची मागणी स्थिर झाली त्यांचा थोडा साठा स्वतःच्या ताब्यात घेऊन त्यांवर स्वतःचे वेष्टन चढवावे, असाच वाढीचा क्रम हितावह होय. किंबहुना वाढ म्हणजे या पद्धतीपासून क्रमाक्रमाने दूर सरणे होय. अमेरिकेतील झॅपॉस ही पादत्राणांची ऑनलाइन पेढी १९९९ साली याच पद्धतीने सुरू झाली. परंतु पुरवठादारांकडील साठ्याची माहिती विश्वसनीय नसल्याने ग्राहकसेवा बिघडते असे आढळून आल्यावर, उत्पन्नाचा मोठा हिस्सा सोडून देऊन तिने २००३ साली ही पद्धती बंद केली.