हळद, दारुहळद आणि जिवाणूचं कडं

गेल्या वेळी आपण पेनिसिलिनपाशी थांबलो. पेनिसिलिन जिवाणूला भिंत बांधू देत नाही, पण पेनिसिलिनच फोडणारं विकर काही जिवाणू तयार करतात, हे आपण पाहिलं. मग घाव घालायचा कुठे? एक उत्तर असं, की त्याला दुभंगूच द्यायचं नाही. एकाचे दोन झालेच नाहीत, तर संसर्ग वाढेल कसा?

१९६०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांना ई. कोलायचे काही विचित्र वाण सापडले. तापमान वाढवलं की ते दुभंगत नाहीत, शेवयांसारखे नुसते लांबत जातात. पुढे १९९१ साली बी आणि लुटकेनहाउस यांनी दाखवलं, की एफटीएसझेड नावाचं प्रथिन पेशीच्या मधोमध कडं करतं आणि तिथेच पेशी दुभंगते. १९९८मध्ये त्याची रचना उलगडली, तर ते निघालं आपल्या पेशींतल्या ट्युब्युलिनचं नातेवाईक! भाऊबंदकी आली की पंचाईत आलीच. जिवाणूला मारायला जावं आणि घाव आपल्यावर बसावा, ही भीती तेव्हापासूनची.

आता पवईला येऊ. आयआयटी मुंबईत दुलाल पांडा यांच्या गटानं २००५ साली सँग्विनरिन आणि २००८ साली हळदीतलं कर्क्युमिन या कड्याची जुळणी बिघडवतात, असं दाखवलं. लगेच 'आमच्या आजीला हे ठाऊकच होतं' असं म्हणणारे भेटतात. आजीला हळदीचा गुण ठाऊक होता, कारण नव्हे. ही दोन ज्ञानं वेगळी. शिवाय खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. आणि सँग्विनरिन? ते पिवळ्या धोत्र्याच्या बियांत असतं. त्याच बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यामुळे १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तर्कशास्त्रात बसत नाही.

मला सगळ्यांत विचार करायला लावते ती दारुहळदीच्या कुळातली गोष्ट. तिच्यातलं बर्बेरिनही याच प्रथिनाला चिकटतं, पण जिवाणू ते पंपानं उपसून बाहेर टाकतात. २००० साली स्टर्मिट्झ, लुईस आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या बर्बेरिस झुडपांत दुसरं एक द्रव्य मिळालं. एकट्यानं ते जिवाणूला काही करत नाही, फक्त पंप बंद पाडतं. म्हणजे झाड एकटं द्रव्य वापरत नव्हतं, जोडी वापरत होतं. आणि आपण मात्र प्रत्येक द्रव्य वेगळं काढून तपासत बसलो होतो.

या कड्यावर घाव घालणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.