पूर्णा-पैनगंगेवरील धरणे आणि माशांचे स्थलांतर : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
मराठवाड्यातील धरणांचा इतिहास प्रामुख्याने सिंचन, वीजनिर्मिती आणि गावांचे विस्थापन या अंगांनी लिहिला गेला. माशांचे विस्थापन मात्र त्यात अभावानेच आढळते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात या दुर्लक्षित बाजूचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जिल्ह्यातील पूर्णा थेट गोदावरीस मिळते. कयाधू पैनगंगेस मिळून वर्धा व प्राणहितेमार्गे गोदावरीतच जाते. म्हणजेच येथील मत्स्यजीवन पूर्वी समुद्रापर्यंत जोडलेले होते. या साखळीतील पहिला मोठा अडथळा खाली आंध्रात आला. आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे बंधारा उभा राहिला. बंधाऱ्यांमुळे माशांची वाट अडते, हे फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या अहवालातच सरकारच्या निदर्शनास आणले होते. तरीही पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६८ मध्ये आणि पैनगंगेवर सुमारे ५७ मीटर उंचीचे इसापूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले.

परिणामांचे स्वरूप :
अनेक मासे पहिल्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात अंडी घालतात. समुद्रात जन्मणाऱ्या ईलची पिले तर नदी चढूनच वाढीसाठी वर येतात. उन्हाळ्यात कयाधूसारखी नदी आटली की मासे डोहांच्या आश्रयाने तगतात व पावसाळ्यात पुन्हा सर्वत्र पसरतात. वाट अडल्यास १९७२ सारख्या दुष्काळात रिकामा झालेला पट्टा खालून भरून निघत नाही. येलदरी-सिद्धेश्वर यांच्या दरम्यान कोंडलेल्या समूहांत बाहेरून नवे रक्त येत नाही आणि आनुवंशिक विविधता घटण्याचा धोका वाढतो.

१९५७ मध्ये भारतात माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी झाले. त्यानंतर जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. भोई समाजाच्या उपजीविकेस त्याचा आधार मिळाला, हे नाकारता येणार नाही. परंतु बीज सोडल्याने जलाशय भरतो, नदी जोडली जात नाही. वाहत्या नदीतील स्थानिक जातींची हानी त्यामुळे झाकली गेली.

निष्कर्ष :
बाभळी बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश पाणीवाटपासाठी होता. तरी हा काळ बहुतांशी माशांच्या विणीच्या हंगामाशी जुळतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगेही पावसाळ्यापूर्वी काढणे अपेक्षित असते. उंच धरणांवर उपाय खर्चिक आहेत. परंतु लहान बंधाऱ्यांचे बरगे वेळेवर काढल्यास काही वाट निश्चितच मोकळी होईल. भोई समाजातील वृद्धांच्या स्मरणातील माशांची नावे व जागा नोंदविणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कार्य ठरते. कारण नदी पूर्वी कशी होती याचा पुरावा लोप पावला, तर तिचे नुकसान मोजण्यास आधारच उरणार नाही.