पटावरचं पोर आणि शिक्षकाचं पद

सप्टेंबर उजाडला की आमच्या तालुक्यातल्या शाळांत एकाच आकड्याची चर्चा असते, ३० सप्टेंबरच्या पटाची. त्या दिवशी पटावर जेवढी मुलं, त्यावर संचमान्यता ठरते. म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. डोंगरपट्ट्यातल्या एका गावात पहिली ते पाचवीचा पट ६३ होता, तो ५९ वर आलाय. चार पोरं कमी झाली आणि तीन गुरुजींपैकी एक 'अतिरिक्त' होणार. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "वर्ग तर पाचचे पाचच हायेत की, मग मास्तर कमी कसा काय?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. शिक्षक कशावर मोजायचा, डोक्यांवर की वर्गांवर? हा घोळ आजचा नाही. म्हणून आज जरा मागे जाऊन लिहितो. पोस्ट लांब आहे, पण तुमच्या गावच्या शाळेचा विषय आहे.

इंग्रज येण्याआधी गावातल्या पंतोजीला मुलामागे मोबदला मिळायचा, बऱ्याचदा धान्याच्या रूपात. पोरं जास्त तर पायली जास्त. पंतोजी मात्र एकच. मोठी पोरं लहानांना धुळाक्षरं गिरवायला लावायची. वर्ग नावाची भानगडच नव्हती, म्हणून वर्गाला शिक्षक हा प्रश्नही नव्हता.

इंग्रजांनी वर्ग आणले, तपासनीस आणला आणि हिशेबही आणला. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो या मंत्र्याने नियम केला की शाळेचं अनुदान मुलांची हजेरी आणि परीक्षेतला निकाल बघून द्यायचं. तीच तऱ्हा मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांना लागू झाली. वर्षातून एकदा तपासनीस येणार, पोरांना उभं करून वाचायला लावणार, पास पोरांची संख्या मोजून पैसे देणार. मग जे व्हायचं तेच झालं. शाळा तपासनीसापुरती तयारी करायला लागल्या.

१८८२ साली हंटर आयोग आला. महात्मा फुल्यांनी त्याच्यापुढे दिलेलं निवेदन पुष्कळांना माहीत असतं ते प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा या मागणीमुळे. पण त्यात शिक्षकाच्या पगाराबद्दलही स्पष्ट मागणी आहे. प्राथमिक शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये द्या, असं ते म्हणतात. ज्याची जास्त मुलं पास होतील त्याला भत्ता द्या, पण पगाराशिवाय वेगळा द्या, असंही म्हणतात. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. संख्येवर बक्षीस द्या, शिक्षकाचं पोट संख्येवर ठेवू नका. निकालावर अनुदान देण्याची ती पद्धत मोडीत निघायला पुढे लॉर्ड कर्झनचा काळ उजाडावा लागला.

मधला काळ भराभर सांगतो. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ ला अमरेली भागातल्या काही गावांत आणि १९०६ ला सगळ्या बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात केलं आणि पोरगं शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा स्कूल बोर्डांकडे ठेवल्या. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, आमची गाडी १९४८ नंतर सुरू झाली. मग १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गुरुजी झेडपीचे झाले. सक्ती आली, शाळा वाढल्या, पण वाडीवस्तीवर एक शाळा आणि एक मास्तर हेच चित्र राहिलं. मास्तर आजारी पडला तर शाळा आजारी.

यावर देशपातळीवर पहिला ठोस विचार झाला तो १९८६ च्या शैक्षणिक धोरणात. त्यातून १९८७ ला 'खडू-फळा मोहीम' निघाली. पट कितीही असो, शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक हवेत, आणि होता होईल तो त्यातली एक बाई असावी. शाळा आहे ना, मग दोन शिक्षक. इथे पहिल्यांदा पोरं न मोजता शाळेला किमान हक्क दिला गेला. आज आपल्या डोंगराळ भागातल्या शाळांत जे दोन शिक्षक दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे.

पण दोन शिक्षक म्हणजे दोन पगार. २००० साली सरकारने 'शिक्षणसेवक' आणला, तीन वर्षं महिना ३,००० रुपये मानधनावर. त्याच सुमाराला वस्तीशाळा निघाल्या, तिथल्या स्वयंसेवकाला महिना हजार रुपये. आमच्या बारावीच्या वेळी डी.एड.ला नंबर लागला की घरात पेढे वाटायचे. (मला मार्क कमी होते, मी पत्रकारितेच्या डिप्लोमाकडे वळलो, तो भाग सोडा.) ते पेढे खाल्लेली कितीतरी पोरं या मानधनावर राबली. वस्तीशाळेच्या शिक्षकांना तर नियमित व्हायला २०१४ उजाडलं. २००१ च्या सर्व शिक्षा अभियानात ४० मुलांमागे एक आणि कमीत कमी दोन, असं प्रमाण होतं.

मग आला २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आज ज्या आकड्यांवरून भांडणं होतात ते याच कायद्याच्या परिशिष्टात आहेत. पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. १५० च्या वर पट गेला तर मुख्याध्यापक वेगळा. म्हणजे पाच वर्गांना पाच शिक्षक हवे असतील तर पट १२१ पाहिजे. आपल्या तालुक्यातल्या किती गावांत तेवढी पोरं आहेत, मोजून बघा. सहावी ते आठवीला मात्र कायदा वेगळं बोलतो. तिथे वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि गणित-विज्ञान, समाजशास्त्र, भाषा यांना किमान एकेक. एकाच परिशिष्टात मोठ्या पोरांसाठी वर्ग मोजले आणि लहान पोरांसाठी डोकी मोजली. पहिलीच्या पोराला तर बोट धरून शिकवावं लागतं. त्याच्याच वाट्याला निम्मा मास्तर का, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता या कोष्टकाची गंमत बघा. ६० पटाला दोन शिक्षक, म्हणजे एकामागे ३०. एक पोर वाढलं, ६१ झाले, की तीन शिक्षक, एकामागे जेमतेम २०. एका पोराच्या जन्मतारखेवर किंवा एका कुटुंबाच्या पुण्याला जाण्यावर शिक्षकाचं पद उभं राहतं नाहीतर पडतं. आणि १८ पटाच्या शाळेला दोन शिक्षक म्हटलं की वरचे साहेब म्हणतात, "नवाला एक! एवढी चैन?" कागदावर चैनच आहे. प्रत्यक्षात एक गुरुजी पहिली-दुसरी घेऊन बसतात, दुसरे तिसरी-चौथी-पाचवी. त्यातले एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की दुसऱ्यांपुढे पाच वर्ग. एकाला अ-आ-ई शिकवायचं, त्याच वेळी दुसऱ्याला अपूर्णांक.

पद पटावर लटकलं की पट फुगतो. हेही आपण बघितलंय. नांदेडला तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी अचानक पटपडताळणी केली, आणि पाठोपाठ ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला अख्ख्या राज्यात झाली. पोरांच्या बोटांना शाई लावून मोजलं. एकच पोरगं सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत नको, म्हणून शाई. राज्यभरात सुमारे २० लाख पोरं कागदावर होती, वर्गात नव्हती. नावं बोगस, पण त्यांच्यावर मिळालेली पदं, अनुदान, तांदूळ खरा. यात फार मोठा वाटा संस्थाचालकांचा होता. भोगलं कुणी? त्यानंतर मे २०१२ ला शिक्षक भरती बंद झाली. डी.एड. कॉलेजं ओस पडली. डिसेंबर २०१७ ला अभियोग्यता चाचणी झाली, मग पवित्र पोर्टल आलं आणि भरती पुन्हा हलायला लागली. ज्या वाडीतल्या शाळेने एकही खोटं नाव घातलं नव्हतं, तिचीही जागा या सगळ्या वर्षांत रिकामीच राहिली.

त्यानंतर मोजणी ऑनलाइन झाली. २०१५ ला 'सरल' आलं, पुढे आधारची अट आली. आधार जुळलं नाही तर पोर संचमान्यतेत धरत नाहीत. बोगस नावं रोखायला हे हवंच होतं, माझा त्याला विरोध नाही. पण नावातली एक वेलांटी चुकली, जन्मतारीख जुळली नाही, तर पोर वर्गात बसतं, खिचडी खातं, कविता म्हणतं आणि संचमान्यतेत नसतं. पूर्वी नसलेली पोरं मोजली जायची. आता असलेली सुटतात.

आमच्या भागाचं आणखी एक दुखणं आहे, ऊसतोडीचं. ३० सप्टेंबरला पोरं गावात असतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि पोरं आईबापाबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जातात. इथे शिक्षक आहे, पोरं नाहीत. तिकडे फडावर पोरं आहेत आणि तिथल्या शाळेला त्यांच्यापुरतं पद नाही, कारण मोजणीच्या दिवशी ती तिथे नव्हती. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, पण मोजणीची तारीख हलली नाही.

वरून शाळाशाळांत ओढाताण. पाचवीचा वर्ग कुठे झेडपीत, कुठे हायस्कुलात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक दारोदार फिरतात, "तुमचा पोरगा आमच्याकडेच घाला." कुणी सायकल देतो म्हणतं, कुणी दप्तर. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी तर दारात येऊनच उभी राहते. लोक गुरुजींना हसतात. पण पोरगं दुसरीकडे गेलं तर गुरुजींचं समायोजन ऐंशी किलोमीटरवर होतं, हे कुणी बघत नाही.

डिसेंबर २०१७ ला दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ ला समूह शाळांचा विषय निघाला, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा पुढे आला, १४,७८३. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर आला आणि छोट्या शाळांचा दुसरा शिक्षक वादात सापडला. सप्टेंबर २०२४ च्या जीआरने त्याच्या जागी कंत्राटी माणूस घ्यायचं ठरवलं, आधी वीसपर्यंतच्या पटाला, नंतर दहापर्यंतच्या. २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली. खडू-फळा मोहिमेने पट न बघता जो दुसरा शिक्षक दिला होता, तोच ३७ वर्षांनी पट बघून कंत्राटी करायला निघाले.

माझं म्हणणं एवढंच आहे. मोठ्या शाळांना खुशाल पटावर मोजा. पण जिथे पोरंच कमी आहेत तिथे वर्ग मोजा. दोन वर्गांना एक शिक्षक हा हिशेब धरला तर पाच वर्गांना तीन होतात. खर्च वाढेल, नक्की वाढेल. पण सहा वर्षांचं पोर रोज ओढा ओलांडून पाच किलोमीटरवरच्या समूह शाळेत पाठवायचं, त्याचाही खर्च आहेच. तो फक्त सरकारच्या खात्यावर पडत नाही.

आणि एक कामाची गोष्ट. संचमान्यतेचा कागद मुख्याध्यापकांकडे असतो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यांनी तो मागून घ्यावा. त्यात मंजूर पदं बघा, मग शाळेत प्रत्यक्ष किती गुरुजी येतात ते बघा. कायद्याने दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. आधार न जुळलेल्या पोरांची यादी वेगळी मागा आणि ती दुरुस्ती सप्टेंबरच्या आत करून घ्या. आमच्याकडे ऑगस्टमध्ये आधार केंद्रापुढे रांग लागते, त्यामुळे जुलैतच गेलेलं बरं.