जांभा, काळी माती आणि विहिरीत उतरणारी पुटी

विहिरीचे पाणी मातीतून गाळून येते, ही आपली जुनी समजूत. ‘गाळणे’ म्हटले की डोळ्यांपुढे चाळणी येते, आणि घोटाळा तिथेच होतो. जुलाबाचा आजार देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची पुटी, म्हणजे जाड कवचात बंद असलेली त्याची अवस्था, 4 ते 6 मायक्रोमीटर व्यासाची असते. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा दाणा तिच्या शंभरपट मोठा. अशा दाण्यांमधल्या फटीतून ती सहज निसटायला हवी, तरीही पुष्कळदा अडकते. तिला धरून ठेवणारी शक्ती मातीच्या रसायनात आहे.

नैसर्गिक पाण्यात पुटीच्या कवचावर ऋणभार असतो. वाळूवर आणि चिकणमातीच्या पापुद्र्यांवरही ऋणभारच, म्हणून दोघे एकमेकांना दूर सारतात. हा विरोध किती अंतरावरून जाणवावा, हे पाण्यात विरघळलेले क्षार ठरवतात. भारित पृष्ठाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे वलय जमते. लिटरमागे 1 मिलिमोल मीठ असलेल्या पाण्यात त्याची जाडी सुमारे 10 नॅनोमीटर, तर 100 मिलिमोल मिठात जेमतेम 1 नॅनोमीटर. वलय आक्रसले की पुटी दाण्याच्या अगदी जवळ पोचते आणि व्हॅन डर वाल्स आकर्षणाच्या तावडीत सापडते. कॅल्शियमच्या आयनावर दोन भार असल्याने हेच काम तो सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत साधतो.

लोहाची ऑक्साइडे याहून वेगळी. गोथाइट आणि हेमाटाइट यांच्यावर उदासीन पाण्यात धनभार असतो, त्यामुळे ऋणभारित पुटी त्यांच्याकडे आपणहून ओढली जाते. कोकणातला जांभा म्हणजे या ऑक्साइडांचे भांडार. पण एवढ्यावरून तिथल्या विहिरी निर्धास्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एक तर जांभा भोकाभोकांचा, पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली जाते. दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. शेणखतातून आणि सांडपाण्यातून झिरपणारे फॉस्फेट आणि ह्यूमिक पदार्थ हेही ऋणभारित असतात. ते लोहाच्या धनभारित जागा आधीच अडवून बसतात. आजारी वासराच्या शेणातून कोट्यवधी पुटी बाहेर पडतात, म्हणजे उकिरड्याखाली, जिथे त्यांची गर्दी सर्वांत जास्त, नेमकी तिथेच मातीची पकड सर्वांत आधी संपते.

देशावरच्या काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर, ही जमेची बाजू. मात्र उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पहिल्या जोरदार सरीचे पाणी त्या भेगांतून थेट खाली धावते. वाटेत मातीतले क्षार विरघळायला त्याला वेळ मिळत नाही, म्हणून ते जवळपास पावसाइतकेच मृदू राहते. असे पाणी भेगेच्या कडांवर धरून राहिलेल्या पुटींपर्यंत पोचले की आक्रसलेली वलये पुन्हा फुगतात आणि सैल पकडीतल्या पुटी सुटतात. धरलेली पुटी मेलेली नसते, हे विसरून चालत नाही. कोरड्या उन्हात ती टिकत नाही हे खरे, पण शोषखड्ड्याखालची ओल वैशाखातही हटत नाही.

पाण्याला मातीचा स्पर्शच घडला नाही तर या रसायनाचा काही उपयोग नाही. टेक्सासमधल्या ब्रशी क्रीक इथे 1998 साली सांडपाणी ओढ्यात सांडले आणि 100 फुटांहून खोल विहिरींचे पाणी पिणारी हजाराहून अधिक माणसे आजारी पडली. खाली भेगाळ चुनखडी होती.

म्हणून शोषखड्डा आणि विहीर यांमधले अंतर फुटपट्टीने मोजून परवानगी देणे मला अपुरे वाटते. मधल्या मातीत लोह किती, फॉस्फेट किती साठले, भेगा किती खोल जातात, हेही पाहायला हवे. तपासणीचा नमुना उन्हाळ्यातल्या शांत पाण्याचा न घेता पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्यावा. आणि कोलिफॉर्म सापडले नाहीत एवढ्या अहवालावर विसंबू नये, कारण ते जिवाणू ज्या क्लोरिनने मरतात त्याला ही पुटी दाद देत नाही.