सोवळे आणि मेले ढोर

कडावच्या आमच्या वाड्यात माझी आजी आयुष्याचे दोन भाग करून सांगत असे: 'महाडच्या आधी' आणि 'महाडच्या नंतर'. आधी मेले ढोर ओढायचे, फाडायचे, चान्या वाळत घालायच्या. नंतर ते बंद. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. मृत मांस खाऊ नका, उष्ट्यामाष्ट्यासाठी हात पसरू नका, असे बाबासाहेबांनी तिथे बजावले. आमचा कर्जत तालुका त्याच जिल्ह्यातला. तो निरोप वाड्यावाड्यांत पोचला. सोडल्यावर कित्येक रात्री चूल पेटली नाही, असे आजी सांगायची. ती तक्रार करीत नसे. पण विसरतही नसे.

कॉलेजात असताना मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन मराठीत अभिजात मानले जाते, आणि ते योग्यच आहे. त्यात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात जात नसे. मीठसुद्धा सुटत नसे. वाचणारे इथे हसतात. मला हसू आले नाही. त्या मिठावरून जो स्पर्श धुऊन काढला जात होता, तो माझ्या आजीच्या जातीचा होता.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण समाज हादरला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ नांदायला आल्या, तरी स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. आजूबाजूचे ख्रिस्ती बहुतेक महार-मांगांतून आलेले. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते, आणि त्याचा आधार हाच समाज होता. अशा वस्तीत राहुरीला लक्ष्मीबाईंनी स्वतःशी विचार केला, की जात देवाने केली की माणसाने? माणसाने, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरविले. ख्रिस्ती व्हायचे त्यांनी तेव्हा ठरविलेले नव्हते. आधी सोवळे गेले, मग १९०० मध्ये बाप्तिस्मा आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

श्रद्धेसाठी सवय सोडणे याला आपण त्याग म्हणतो. लक्ष्मीबाईंचा त्याग खरा होता, याबद्दल मला शंका नाही. लहानपणापासून हाडीमाशी भिनलेली किळस त्यांनी उपटून काढली. टिळक तर आणखी पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात बसू शकत होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ख्रिस्ती माणसाने पगार, साहेबी आश्रय आणि परके वळण यांतून मोकळे व्हावे, हे त्यांनी जगून दाखविले.

पण प्रश्न असा, की त्याच काळात जो महार ख्रिस्ती झाला त्याने काय सोडले? त्याने मृत मांस सोडले. गावदेवीच्या जत्रेतली नेमून दिलेली कामे सोडली. ती सोडली की बलुत्याच्या हक्कावर गदा येई, म्हणजे वर्षाची भाकरी जाई. ब्राह्मणाने सोडले ते त्याला उंचावर बसविणारे होते. महाराने सोडले ते त्याला खाली दाबणारे होते, पण त्याच्या पोटाचा आधारही तेच होते. पहिल्याला इतिहासाने त्याग म्हटले. दुसऱ्याच्या वाट्याला आला एक टोमणा: 'पोटासाठी बाटले'. दुष्काळात जे मिशनकडे गेले त्यांच्याबद्दल तर हे हमखास बोलले गेले. हा न्याय कोणता?

शुभवर्तमानात येशूचा परूश्यांशी वाद होतो तो हात धुण्यावरून. बाहेरून तोंडात जाते ते माणसाला विटाळवीत नाही, अंतःकरणातून निघते ते विटाळविते, असा त्याचा रोख आहे. हे खरे मानले तर ख्रिस्ती माणसाने सर्वांत आधी सोडायची सवय म्हणजे दुसऱ्याला विटाळ मानण्याची सवय. लक्ष्मीबाईंनी ती सोडली. सगळ्या मंडळ्यांनी सोडली का? १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला, आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या देवळांत चालणाऱ्या जातिभेदावर बोटही ठेवले. दारू सुटते, तंबाखू सुटते. ताट वेगळे ठेवण्याची आणि सोयरीक जातीत पाहण्याची सवय मात्र प्रार्थनेच्या बाकावरही शेजारी येऊन बसते.

राज्यसंस्थेने यावर वेगळाच तोडगा काढला. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती झालेले पूर्वास्पृश्य आजही बाहेर आहेत. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली गेली, असे कायदा समजतो. गाव तसे समजत नाही. म्हणजे सोडण्याची किंमत त्याने दोनदा मोजली: एकदा बलुते जाऊन, एकदा सवलत जाऊन.

मी बौद्ध आहे. ख्रिस्ती धर्माची वकिली मला करायची नाही. आजीने जे सोडले ते बाबासाहेबांच्या शब्दावर, स्वाभिमानासाठी. नगरकडच्या कोणा महार ख्रिस्ती बाईने तेच ख्रिस्ताच्या नावाने सोडले असेल. दोघींच्या चुली सारख्याच विझल्या. लक्ष्मीबाईंपाशी लेखणी होती म्हणून त्यांची ती राहुरीची घालमेल आपल्याला कळली. या बाईची कळली नाही. नगर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती घरांत अशा आज्यांच्या आठवणी नातवंडांच्या तोंडी अजून असतील. त्या ऐकून लिहून ठेवणे हे काम आता आपले आहे. माझ्या आजीची मी इथे लिहिली.