द्यूरकेमचा ‘समाज’ आणि आपले तळे

बी.एड.च्या गाईडमध्ये एमिल द्यूरकेम मला पाच गुणांच्या टिपेपुरता भेटला. समाजशास्त्राचा एक जनक, आत्महत्येवरील ग्रंथाचा कर्ता, एवढेच. या माणसाची विद्यापीठातली भाकरी मास्तर घडवण्यावर होती, हे गाईडने सांगितले नाही. आम्हां मास्तरांना नेमके तेच सांगायला हवे होते.

१८५८ साली फ्रान्समधील एपिनाल गावी, यहुदी धर्मगुरूच्या घरात तो जन्मला. बापाची गादी त्याने चालवली नाही. १८८७ मध्ये बोर्दो विद्यापीठात त्याची नेमणूक झाली ती सामाजिक शास्त्र आणि शिक्षणशास्त्र शिकवण्यासाठी. १९०२ मध्ये तो पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये गेला तोही शिक्षणशास्त्राच्याच जागेवर.

१८८२ च्या कायद्याने फ्रान्सच्या सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण हद्दपार झाले होते. पाद्री गेला, मग पोरांना नीती शिकवायची कुणाच्या नावाने? द्यूरकेमची नैतिक शिक्षणावरील व्याख्याने या प्रश्नावर उभी आहेत. देवाच्या मुखवट्याआड समाजच असतो, असे तो म्हणतो. तेव्हा मुखवटा दूर करून शाळेने शिस्त, समूहाची ओढ आणि समजून-उमजून पाळलेला नियम शिकवावा. त्याच १८८२ साली जोतीराव फुले हंटर कमिशनपुढे निवेदन देत होते. जोतीरावांचा प्रश्न याच्याही आधीचा होता : रयतेच्या घामाचा पैसा शिक्षणावर खर्च होतो, तो कुणाच्या पोरांवर? ‘समाज’ एकसंध आहे हे त्यांनी गृहीत धरले नाही. द्यूरकेमने पुष्कळसे धरले.

अर्थात त्याला अन्याय दिसतच नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. यहुदी लष्करी अधिकारी ड्रेफसवर देशद्रोहाचा खोटा आरोप लादला गेला, तेव्हा १८९८ मध्ये त्याने व्यक्तीच्या हक्काची बाजू लेखणीने लढवली.

१९१२ साली त्याचा धर्मावरील मोठा ग्रंथ आला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींवरचा हा ग्रंथ, आणि लेखक तिथे कधी गेला नाही! तरी त्यात आपल्या कामाचे बरेच आहे. धर्माला देव लागतोच असे नाही, हे सांगताना त्याने बौद्ध धम्माचा दाखला दिला. पवित्र म्हणजे वेगळे काढलेले, शिवायला मनाई असलेले, अशी त्याची मांडणी. अपवित्र हे त्याच पवित्राचे दुसरे अंग, हेही त्याने ओळखले होते. ही व्याख्या गावकुसाबाहेरच्या माणसाला किती तंतोतंत लागू पडते! त्याचा सहकारी बुग्ले याने १९०८ मध्ये जातिव्यवस्थेवर पुस्तक लिहिले आणि परस्परांविषयीची किळस हे जातीचे एक लक्षण मानले.

द्यूरकेमच्या मते विधींमुळे समाज पुन्हा एकजीव होतो. महाडचे तळे नगरपालिकेने १९२४ सालीच ठरावाने सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. पुढे स्पृश्यांनी शेण-गोमूत्र ओतून, मंत्र म्हणून तळे ‘शुद्ध’ केले. त्या विधीने ते एकजीव झालेच, आणि तळ्यावरून हाकललेली माणसे त्या ‘समाजा’त मोजली गेली नाहीत.