इंटेलबाह्य संगणकांवरील लिनक्स : छोट्या वितरणांना आधार कोणाचा?

घरातील व कार्यालयातील बहुसंख्य संगणक दीर्घकाळ इंटेलच्या किंवा त्याच्याशी सुसंगत अशा प्रोसेसरवर चालत आले. एआरएम, पॉवरपीसी, स्पार्क, रिस्क-व्ही या प्रोसेसरांचा आज्ञासंच वेगळा असल्याने एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर तसाच चालत नाही. मूळ स्रोतावरून तो नव्याने कंपाइल करावा लागतो. लिनक्सचा स्रोत सर्वांना खुला असल्यामुळे हे शक्य होते. कर्नल आणि आवश्यक प्रोग्राम एकत्र बांधून दिलेल्या संचाला ‘वितरण’ म्हणतात. असे वितरण तयार करण्यापेक्षा ते वर्षानुवर्षे चालू ठेवणे अधिक कठीण असते.

भारतातील ठळक उदाहरण कर्नाटकातले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील तंत्रज्ञ यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक विकसित केला व एप्रिल २००१ मध्ये तो लोकांसमोर ठेवला. सुमारे ९,००० रुपयांत मिळावा, निरक्षर व्यक्तीलाही वापरता यावा, हे उद्दिष्ट होते. त्यात २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर आणि लिनक्स होते. भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवणारी ‘ध्वनी’ ही प्रणाली याच प्रकल्पातून पुढे आली. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने हा संगणक बाजारात आला. पण अपेक्षित विक्री झाली नाही. ‘ध्वनी’ मात्र मुक्त स्रोत असल्याने इतरांनी पुढे नेली आणि कालांतराने तिच्यात मराठीचाही समावेश झाला.

येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. स्ट्राँगआर्मचा आराखडा डीईसी या कंपनीचा. पण १९९८ पासून तो प्रोसेसर इंटेलकडे गेला होता. म्हणजे ‘इंटेलबाह्य’ हा शब्द कारखान्यापेक्षा आज्ञासंचाला लागू पडतो.

अडचणी बारीक, पण चिवट असतात. स्पार्क आणि जुने पॉवरपीसी संगणक अंकाचे बाइट इंटेलच्या उलट क्रमाने साठवतात. केवळ इंटेलवर तपासलेला प्रोग्राम तेथे चुकीचे उत्तर देतो, आणि अनेकदा चूक झाल्याचे कळतही नाही. स्मृतीतील पत्ता ठरावीक पटीत नसेल तर स्पार्कवर प्रोग्राम थेट बंद पडतो. इंटेलवर तोच निमूटपणे चालतो. असे दोष प्रत्यक्ष त्या यंत्रावर चालवून पाहणाऱ्यालाच सापडतात.

असे परीक्षक कमी झाले की आधार सुटतो. डेबियन या मोठ्या वितरणाच्या अधिकृत यादीत राहायचे तर बहुतेक पॅकेजे तयार व्हावी लागतात, बांधणीची यंत्रे चालू लागतात आणि जबाबदारी घेणारे स्वयंसेवक लागतात. या कसोटीवर २०११ मध्ये अल्फा, २०१५ मध्ये ३२ बिटी स्पार्क आणि २०१७ मध्ये ३२ बिटी पॉवरपीसी अधिकृत आवृत्तीबाहेर गेले. यांपैकी अल्फा व पॉवरपीसी पुढे स्वयंसेवकांच्या वेगळ्या संग्रहात टिकून राहिले. लिनक्स कर्नलच्या २०२३ मधील ६.३ आवृत्तीतून जुन्या एआरएम बोर्डांच्या अनेक फाइली वगळण्यात आल्या. त्यांत स्ट्राँगआर्मवरील काही बोर्डही होते. त्याआधी त्यांवर ‘वापरात नाही’ अशी खूण करून वापरकर्त्यांना पुढे येण्याची संधी दिली होती. त्या टप्प्यावर ‘हा बोर्ड आम्ही वापरतो’ असे एखादे पत्रही निर्णय बदलू शकते.

म्हणूनच छोट्या वितरणाला पैशांइतकीच नियमित वापर करणाऱ्यांची गरज असते. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मैसूरच्या कुवेंपुनगरासारख्या निवासी वसाहतीतील घरातही एखादे जुने यंत्र चालू ठेवून नवी आवृत्ती चढवता येते. ती कोठे अडकली, आधीची कोणती आवृत्ती नीट चालत होती आणि पडद्यावर कोणता संदेश आला, एवढे नेमके कळवले तरी विकासकाचे कित्येक दिवस वाचतात. ‘चालत नाही’ एवढ्याच तक्रारीचा उपयोग होत नाही. बांधणीसाठी यंत्र किंवा जागा देणे, मराठी भाषांतर करणे, सूचनापत्रे अद्ययावत ठेवणे हीही मोलाची मदत ठरते.

रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचामुळे भारतात हा विषय पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर त्यावर आधारित आहेत. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये ‘डिजिटल इंडिया रिस्क-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये रिस्क-व्हीला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. त्याच आवृत्तीपासून इंटेलच्या जुन्या ३२ बिटी संगणकांसाठीची स्थापना-चकती देणे बंद झाले.